सिग्नल कोणाला मोजतो?

शहरातली कोंडी हाताबाहेर गेली की आपल्याकडे दोन घोषणा ठरलेल्या असतात. एक उड्डाणपुलाची आणि दुसरी ‘स्मार्ट’ सिग्नलची. उड्डाणपुलाला जागा लागते, झाडे तोडावी लागतात, चार-पाच वर्षे भर रस्त्यात पत्रे ठोकून ठेवावे लागतात आणि एवढे करून कोणीतरी न्यायालयात जातेच. स्मार्ट सिग्नलचे तसे नाही. वर कॅमेरा लावला आणि मागे कुठेतरी संगणक बसवला की काम झाले. कोणाचे दुकान हलत नाही, कोणाची गाडी अडत नाही, म्हणून कोणी नाराजही होत नाही. पुण्यात स्मार्ट सिटी योजनेतून सुमारे सव्वाशे चौकांत अशी यंत्रणा बसली. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या निर्देशांकात हेच पुणे कोंडीच्या बाबतीत जगात चौथे आले. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद, म्हणजे ताशी जेमतेम १८ किलोमीटर. एवढ्यावरून यंत्रणा फसली असा निकाल देणे अन्यायाचे होईल. त्याच काळात मेट्रोची आणि पुलांची कामे चालू होती, वाहने वाढत होती. पण एक प्रश्न मात्र विचारायलाच हवा, आणि तो निविदा निघण्यापूर्वी कोणी विचारल्याचे दिसत नाही. हा सिग्नल नक्की कोणाचा वेळ वाचवायला लावला आहे? वाट पाहणाऱ्या गाड्यांचा, की वाट पाहणाऱ्या माणसांचा? माझे म्हणणे असे की गाड्या मोजणारा सिग्नल कितीही हुशार असला तरी कोंडीची जागा फार तर बदलेल. त्याच यंत्रणेला माणसे मोजायला लावली, तर तिच्यावरचा खर्च सार्थकी लागेल.

त्यासाठी आधी सिग्नल काय करू शकतो आणि काय नाही, हे पाहू. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतल्या एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ मध्ये सिग्नलच्या वेळा ठरवण्याचे एक साधे सूत्र मांडले. वाहतूक अभियांत्रिकीच्या वर्गात ते आजही शिकवतात. त्यामागचा विचार असा : हिरवा लागल्यावर पहिली गाडी हलेपर्यंत आणि पिवळा लागून चौक मोकळा होईपर्यंत दर वेळी तीन-चार सेकंद वाया जातात. चार बाजूंना चार वेळा हिरवा द्यायचा तर एका आवर्तनात सोळाएक सेकंद कोणाच्याच कामी येत नाहीत. आता चौकाच्या क्षमतेच्या ८० टक्के वाहने येत असतील, तर वेबस्टरच्या सूत्राप्रमाणे पूर्ण आवर्तन १४५ सेकंदांचे निघते. ९० टक्के आली तर २९० सेकंद. ९५ टक्क्यांना ५८० सेकंद, म्हणजे जवळपास दहा मिनिटे. आणि क्षमता शंभर टक्के भरली की उत्तर अनंत येते. गणित इथे हात टेकते, कारण मागणी क्षमतेएवढी झाली की कोणाला किती सेकंद दिले याला अर्थ उरत नाही. एका बाजूला दिलेला प्रत्येक सेकंद दुसऱ्या बाजूचा काढून घेतलेला असतो. संध्याकाळी साडेसहाला आपले बहुतेक मोठे चौक याच अवस्थेत असतात. तिथे संगणक बसवा, कृत्रिम बुद्धिमत्ता बसवा किंवा साक्षात वेबस्टर यांना आणून उभे करा, रस्ता तेवढाच राहणार.

मग वाहतुकीप्रमाणे वेळ बदलणारे सिग्नल निरुपयोगी आहेत का? मुळीच नाहीत. ही कल्पना काही काल-परवाची नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीची ‘स्कॅट्स’ आणि ब्रिटनमधली ‘स्कूट’ या दोन्ही पद्धती १९७० च्या दशकात तयार झाल्या आणि आजही अनेक शहरे त्यांवर चालतात. रस्त्याखाली पुरलेल्या तारांच्या वेटोळ्यांवरून किंवा खांबावरच्या कॅमेऱ्यांवरून कोणत्या बाजूला किती रांग आहे हे त्यांना कळते आणि त्याप्रमाणे हिरव्याची वेळ कमी-जास्त होते. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१२ मध्ये नऊ चौकांत ‘सरट्रॅक’ नावाची पद्धत वापरून पाहिली, तेव्हा प्रवासाचा वेळ सुमारे २५ टक्क्यांनी आणि सिग्नलला थांबण्याचा वेळ सुमारे ४० टक्क्यांनी घटला. हा आकडा प्रत्येक सादरीकरणात झळकतो. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाचा सरासरी अनुभव मात्र जास्त सावध आहे. अशा सिग्नलांमुळे प्रवासाचा वेळ सरासरी १० टक्क्यांहून थोडा अधिक कमी होतो, आणि ५० टक्क्यांपर्यंतची झेप दिसते ती जिथे सिग्नलच्या वेळा आधीपासूनच फार जुन्या होत्या तिथे. विक्रेता जी सुधारणा दाखवतो, तिच्यातला मोठा भाग नव्या यंत्राचा नसून वर्षानुवर्षे कोणी वेळा तपासल्याच नव्हत्या, त्या दुर्लक्षाची भरपाई असतो. तोच फायदा दोन हुशार अभियंते आणि एक घड्याळ यांच्या जोरावर काही प्रमाणात फुकटात मिळाला असता. पण घड्याळाची निविदा काढता येत नाही.

या सिग्नलांचा खरा उपयोग कुठे होतो हेही त्यातून कळते. दुपारी दोनला, रात्री अकराला, रविवारी सकाळी, म्हणजे रस्ता भरलेला नसतो आणि वाहतूक कमी-जास्त होत असते तेव्हा. रिकाम्या रस्त्यावर नव्वद सेकंद लाल दिव्याकडे पाहत बसायची पाळी येत नाही, रुग्णवाहिकेला वाट मिळते, एका चौकातून सुटलेला जथा पुढच्या चौकात हिरव्यावर पोचतो. हे फायदे किरकोळ नाहीत, ते घ्यावेतच. पण ज्या कोंडीमुळे माणसे हैराण होतात ती या वेळची नसते.

या मर्यादेचा सगळ्यात मोठा दाखला लॉस एंजेलिसचा. १९८४ च्या ऑलिंपिकच्या तोंडावर या शहराने संगणकाने चालणारी सिग्नल यंत्रणा उभारायला सुरुवात केली आणि २०१३ पर्यंत शहरातले साधारण ४,४०० सिग्नल एका यंत्रणेला जोडले. एवढे सगळे सिग्नल जोडणारे ते पहिले मोठे शहर मानले गेले. शहराच्या दाव्याप्रमाणे गाड्यांचा वेगही वाढला, आणि तो दावा खोटा मानायचे कारण नाही. पण चारच वर्षांनी, २०१७ साठीच्या इनरिक्स कंपनीच्या अहवालात जगातले सर्वांत कोंडीग्रस्त शहर म्हणून पहिला क्रमांक लागला तो लॉस एंजेलिसचाच. तिथला वाहनचालक वर्षाला गर्दीच्या वेळचे १०२ तास कोंडीत घालवत होता. सिग्नल उत्तम होते, फक्त गाड्या जास्त होत्या. अर्थतज्ज्ञ जिल ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासून दाखवले की रस्त्यांची लांबी जेवढ्या प्रमाणात वाढते, साधारण तेवढ्याच प्रमाणात गाड्यांनी कापलेले अंतरही वाढते. त्यांचा अभ्यास रस्त्यांचा होता, पण तर्क सिग्नललाही लागू पडतो. कालपर्यंत गर्दीला कंटाळून बसने जाणारा किंवा उशिरा निघणारा माणूस, रस्ता थोडा सुटला असे दिसताच गाडी बाहेर काढतो. वाचलेली दहा मिनिटे अशी हळूहळू पुन्हा भरून जातात. फक्त गाडीला सुख देणारी कोणतीही सुधारणा गाड्यांची संख्या वाढवते, हा नियम पुण्यालाही चुकलेला नाही. २०१८ मध्येच इथल्या नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली होती, तेव्हा शहराची लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास मानली जात होती.

आता एका चौकात उभे राहून पाहू. एका मार्गिकेला तीस सेकंद हिरवा मिळाला, तर साधारण पंधरा मोटारी निघून जातात. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर झाली बावीस-तेवीस माणसे. त्याच मार्गिकेतून तेवढ्याच तीस सेकंदांत बस सोडल्या, तर एक बस तीन मोटारींएवढी जागा घेते असे धरून पाच बस जातील. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेतही शहरातल्या बसचे वजन २.२ ते ३.७ मोटारींच्या दरम्यानच धरले आहे. गर्दीच्या वेळी बसमध्ये पन्नास जण असले तर पाच बसमधून अडीचशे माणसे गेली. रस्ता तोच, सेकंद तेवढेच, दहापट माणसे. पण सिग्नलच्या कॅमेऱ्याला ही अडीचशे माणसे दिसत नाहीत. त्याला दिसते ती एक लांबलचक पेटी, तिची किंमत तो फार तर तीन मोटारींएवढी करतो, आणि शेजारच्या बाजूला चार मोटारी उभ्या असल्या तर हिरवा त्यांना देतो. संगणकाचा यात दोष नाही. ‘वाहनांचा एकूण थांबा कमी कर’ हे त्याला सांगितलेले असते आणि तो इमानेइतबारे तेच करतो. हुकूमच चुकीचा सुटला, तर हुकमाची अंमलबजावणी जितकी चोख तितके नुकसान जास्त.

इथे दुचाकीची बाजूही मांडली पाहिजे, कारण पुण्यात ती वगळून वाहतुकीवर बोलणे म्हणजे शुद्ध उंटावरचे शहाणपण. दुचाकी मोटारीच्या अर्ध्या ते पाऊण जागेत निघते, तेव्हा तीस सेकंदांत वीस ते तीस दुचाक्या सुटतात आणि त्यांवरची पंचवीस ते चाळीस माणसे जातात. म्हणजे माणसे मोजली तर दुचाकी मोटारीपेक्षा उजवी ठरते. बसच्या मात्र ती जवळपासही येत नाही. गाड्यांऐवजी माणसे मोजायची म्हटले की दुचाकीवाल्याला वाटते आपल्यावर गदा येणार. प्रत्यक्षात सर्वांत जास्त हिशेब द्यावा लागेल तो एकट्याने निघालेल्या मोटारीला.

आणि या सगळ्यांत ज्याची किंमत शून्य धरलेली असते तो पादचारी. चौकाच्या कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला उभी असलेली पंधरा माणसे साधारणपणे सिग्नलच्या हिशेबात येतच नाहीत. ती किती वेळ उभी आहेत हे कोणी नोंदत नाही. चोवीस मीटर रुंदीचा रस्ता सेकंदाला १.२ मीटर या ठरीव वेगाने ओलांडायला वीस सेकंद लागतात. गुडघे दुखणाऱ्या आजींचा वेग ०.८ मीटर धरला तर तीस सेकंद. आपल्याकडे पादचाऱ्यांचा हिरवा माणूस किती सेकंद चालतो हे वाचकांनी आपापल्या चौकात मोजून पाहावे, आणि त्या सेकंदांतही डावीकडून वळणाऱ्या गाड्या थांबतात का तेही पाहावे. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली, त्यांतला जवळपास पाचवा हिस्सा पादचाऱ्यांचा होता. रस्ता ओलांडता येत नाही म्हणून समोरच्या थांब्यावरून बस न घेणारा, त्याऐवजी स्कूटर काढणारा माणूस हाही कोंडीचाच भाग आहे. ‘स्मार्ट’ म्हणवणाऱ्या यंत्रणेने तो पाहिला नाही, तर ती अर्धे शहर पाहते.

माणसे मोजणारा सिग्नल कसा असतो याचे उत्तम उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचे. १९७३ मध्ये तिथल्या मतदारांनी भुयारी रेल्वेची मोठी योजना मतदानाने फेटाळली. पुढे १९७७ मध्ये त्याच मतदारांनी जमिनीवरच्या ट्राम आणि बसला वेगवान करण्यासाठी २० कोटी फ्रँक मंजूर केले. त्या पैशातून जे झाले ते बघण्यासारखे आहे. ट्राम चौकाजवळ येत असल्याची सूचना सिग्नलला आधीच मिळते आणि ती पोचेपर्यंत हिरवा लागलेला असतो. ती गेली की उरलेले सेकंद इतरांना वाटून दिले जातात, त्यामुळे मोटारींचेही फार काही बिघडत नाही. दुसरी गोष्ट आणखी धाडसाची. शहराच्या मध्यभागात गाड्या भरत आल्या की शहराच्या वेशीवरचे सिग्नल हिरव्याची वेळ कमी करतात आणि मोटारींना बाहेरच थोडे थांबवून ठेवतात. मध्यभागातली रांग वाढून मागच्या चौकात शिरली की सगळे जाळे ठप्प होते, आणि एकदा ठप्प झालेला चौक मोकळा करायला तासभर लागतो. हा अनुभव आपल्याला नवा नाही. ती वेळ येऊ न देणे हीच सिग्नलची खरी हुशारी. झुरिकच्या यंत्रणेतले तंत्र आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. तिथे शहराने आधी मतपेटीतून ठरवले की ट्राममधला माणूस मोटारीतल्या माणसाएवढाच मोलाचा आहे, आणि मग यंत्राला तसे सांगितले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : आपल्याकडे लेनची शिस्त नाही, स्टॉप लाइनच्या पुढे वाहने, उलट दिशेने रिक्षा, मध्येच हातगाडी, इथे परदेशी यंत्रणा चालायची नाही. यात तथ्य आहे, पण अर्धेच. वेगवेगळ्या आकाराची वाहने एकाच रस्त्यावर चालतात हे लक्षात घेऊन सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने ‘कॉसिकॉस्ट’ ही सिग्नल नियंत्रण पद्धत खास भारतीय रस्त्यांसाठी तयार केली, आणि ही संस्था तर पुण्यातच मुख्यालय असलेली. रांग लेनमध्ये उभी नसली तरी तिची लांबी-रुंदी कॅमेऱ्याला मोजता येते. शिस्तीबद्दल म्हणाल, तर शिस्त आणि सिग्नलच्या वेळा यांचे नाते आपण उलटे लावतो. तीन मिनिटांचा लाल, त्यानंतरचे वीस सेकंद हिरवे आणि त्यांतलेही आठ सेकंद समोरून उशिरा निघालेल्यांनी खाल्लेले, अशा चौकात माणूस सिग्नल तोडायला शिकतोच. आवर्तन लहान असेल, आपली पाळी लवकर येणार ही खात्री असेल, तर थांबणाऱ्यांची संख्या वाढते. अनेक चौकांत समोरासमोरच्या दोन बाजूंची उजवी वळणे बंद करून ती पुढून वळवून आणली, तर चार पाळ्यांच्या तीन होतात आणि वेबस्टरच्या त्याच ८० टक्के भरलेल्या चौकाचे आवर्तन १४५ सेकंदांवरून ११५ वर येते. त्यासाठी रंगाचा डबा आणि काही दुभाजक पुरतात. ज्याला पुढून वळून यावे लागते तो आठवडाभर कुरकुरतो, हे मान्य.

दुसरा आक्षेप न्यायाचा. मोटारवाला रस्ता कर भरतो, पेट्रोलवर कर भरतो, मग बसला प्राधान्य देऊन त्याला का मागे ठेवायचे? याचे उत्तर असे की चौकातली हिरव्याची वेळ ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि ती वाहनांच्या मालकीच्या प्रमाणात वाटायची असा कुठे कायदा नाही. बसमधली पन्नास माणसेही कर भरतात. शिवाय बस वेगाने गेली तर त्यातल्या काहींना उद्या स्वतःचे वाहन काढावे लागत नाही, आणि त्याचा पहिला लाभ रस्त्यावर उरलेल्या मोटारवाल्यालाच मिळतो. स्टॉकहोमने २००६ मध्ये शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर प्रायोगिक शुल्क बसवले तेव्हा त्या सीमेवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली आणि जे शुल्क भरून आत गेले त्यांचा प्रवास सुटसुटीत झाला. पुढच्या वर्षी ते शुल्क कायमचे झाले. असे शुल्क आपल्याकडे उद्याच आणा असे मी म्हणत नाही, आधी बस चालायला हवी. पण थोड्या गाड्या कमी झाल्या की कोंडी किती झपाट्याने उतरते, ते या उदाहरणातून दिसते. क्षमतेच्या ९५ टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर आलेला चौक वेगळाच चौक असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे : बसच नाहीत, प्राधान्य कोणाला देता? पुण्याची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलकडे बस कमी आहेत, त्यातल्या कितीतरी रस्त्यातच बंद पडतात, थांब्यावर किती वेळ थांबायचे याचा भरवसा नाही. पण याच तर्काने सिग्नलच्या प्राधान्याची गरज उलट वाढते. समजा एखाद्या मार्गावर बसची एक जा-ये नव्वद मिनिटांची आहे. साडेसात तासांत त्या बसच्या पाच फेऱ्या होतात. चौकाचौकांत वाचलेल्या वेळामुळे तीच जा-ये पंचाहत्तर मिनिटांवर आली, तर तेवढ्याच साडेसात तासांत सहा फेऱ्या होतात. चालक तोच, वाहक तोच, बस तीच, आणि सेवा २० टक्क्यांनी वाढली. नवी बस खरेदी करायला कोट्यवधी रुपये आणि अनेक महिने लागतात. बसमध्ये जीपीएस आधीपासून आहे. बस कुठे आहे हे त्यामुळे यंत्रणेला कळू शकते. सिग्नललाही ती माहिती मिळावी एवढेच राहिले आहे. मार्ग मोकळा असेल तर हे जास्त फळते, म्हणूनच बीआरटीची, म्हणजे बससाठी राखलेल्या स्वतंत्र मार्गिकांची, आठवण इथे येते. २००६ मध्ये पुण्याने देशात सर्वांत आधी बीआरटीची चाचणी सुरू केली, आणि नगर रस्त्यावरच्या बीआरटी मार्गिका पुढे कोंडीचे कारण सांगून काढून टाकल्या. स्वतंत्र मार्गिका द्यायची, चौकात मात्र बसला इतरांच्याच रांगेत ताटकळत ठेवायचे, तिच्यात घुसणाऱ्या वाहनांकडे काणाडोळा करायचा आणि मग ती चालली नाही म्हणून उखडायची, असा हा प्रवास. आधी कुत्र्याला वाईट नाव द्यायचे आणि मग फाशी, यापेक्षा हा प्रकार फारसा वेगळा नाही.

उड्डाणपुलाचा मुद्दाही राहतो. पुणे विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जेमतेम दीड दशकाच्या आत, २०२० मध्ये पाडला गेला, मेट्रोसह नवा दुमजली पूल बांधण्यासाठी. तो पूल टिकला असता तरी त्याने गाड्या एका चौकातून उचलून पुढच्या चौकात ओतल्याच असत्या. सिग्नलबाबतही हीच चूक होऊ शकते. पुढचा रस्ता पार्किंगने, रिक्षाथांब्याने किंवा खोदकामाने अडला असेल, तर मागच्या चौकात दिलेला हिरवा फुकट जातो, उलट गाड्या चौकातच अडकून आडव्या रस्त्यालाही बुडवतात. स्मार्ट सिग्नलच्या निविदेत कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल लिहिलेले असतात, पण चौकाच्या पुढच्या शंभर मीटरांत गाड्या उभ्या राहू नयेत याची जबाबदारी कोणाची, ते त्यात येत नाही. ती देता येत नाही हे खरे दुखणे. रस्ता महापालिकेचा, वाहतूक पोलिसांची, सिग्नलची यंत्रणा स्मार्ट सिटी कंपनीने आणलेली, बस पीएमपीएमएलची, मेट्रोचे दोन मार्ग महामेट्रोचे तर तिसरा पीएमआरडीए या महानगर प्राधिकरणाचा. त्यातून स्मार्ट सिटी अभियानाची मुदतही मार्च २०२५ मध्ये संपली. म्हणजे चौकात यंत्र एकाचे, वीज दुसऱ्याची, आणि गर्दी वाढली की हाताने बटण दाबून सिग्नल चालवणारा हवालदार तिसऱ्याचा. त्या हवालदाराला हसू नये. यंत्राला न दिसणारी गोष्ट, उदाहरणार्थ पुढे अडकलेला टँकर, त्याला दिसत असते. पण तो कधी, का आणि किती वेळ हाताने सिग्नल चालवतो याची नोंद राहिली, तर यंत्राला शिकायला त्याहून चांगला गुरू मिळणार नाही.

तेव्हा महाराष्ट्रातल्या ज्या ज्या महापालिका पुढच्या काळात सिग्नलांवर पैसा खर्च करणार आहेत, त्यांच्याकडे मागणी एवढीच असावी. कंत्राटदाराला मोबदला देताना ‘गाड्यांचा थांबा किती कमी झाला’ ऐवजी ‘चौकातून तासाला किती माणसे गेली आणि प्रत्येकाला सरासरी किती थांबावे लागले’ हा निकष लावा. बसमधल्या प्रवाशाला आणि पट्ट्यांवर उभ्या असलेल्या पादचाऱ्याला त्यात मोटारीतल्या माणसाएवढेच धरा. यंत्रणा बसवण्यापूर्वीचे आणि नंतरचे आकडे चौकवार महापालिकेच्या संकेतस्थळावर ठेवा, म्हणजे शहराने दिलेल्या पैशाचे काय झाले हे कोणालाही तपासता येईल. आकडे चांगले आले तर यंत्रणेचे कौतुक आम्हीच करू. आणि वाचकांनाही एक सांगणे आहे : आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाकडे पुढच्या वेळी उड्डाणपूल मागण्याआधी एवढे विचारा की आपल्या चौकातला सिग्नल बसमधल्या पन्नास जणांना किती मोटारींएवढे समजतो. उत्तर त्यांना ठाऊक नसेल, तर ते शोधून आणायला लावा.